माणसांचं विचारायचं नाही

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गॅरेजमध्ये चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढतात. कुणाच्याही घरी गेले तरी आधी फ्रिजला टिचकी मारून पत्रा कसला आहे ते सांगणार. माणूस लाखात एक, पण हट्टी इतका की बोलायची सोय नाही.

ताई गेल्यापासून त्यांना एक लेकच उरली, तीही सातासमुद्रापार. तिचे दिवस भरत आले होते आणि नवरा बोटीवर नोकरीला. फोनवर ती रोज विचारायची, येताय ना बाबा? हे लगेच हवापाण्यावर घसरायचे. विमानाला घाबरत होते, दुसरं काय! पोर तिकडे एकटी आणि हे इकडे पत्रा ठोकत बसलेत. माझं डोकंच फिरलं आणि मी तडक गॅरेज गाठलं.

म्हटलं, अहो, विमान पडतं कधी काळी एखादं, तुमच्या दारात तर रोज ठोकलेल्या गाड्यांची रांग असते. तर म्हणाले, गाडी ठोकली की मी सरळ करतो आणि मालक हसत घेऊन जातो. पडलेलं विमान कुणी परत नेलेलं पाहिलंयस का? कपाळ माझं! शिवाय त्यांच्या धंद्यातला रिवाजच होता, गाडीला काय झालं ते विचारायचं, आतल्या माणसांचं विचारायचं नाही.

त्यांना एका गाडीसाठी जुना दरवाजा हवा होता. भंगाराच्या आवारात नेहमी जाणारा जोडीदार आजारी, म्हणून हे स्वतःच निघाले. मीही स्कूटरवर मागे बसले, तोंडाचा पट्टा चालूच.

आवारात शिरलो. ओळीने गाड्या उभ्या, एकेकीचं छत सीटला टेकलेलं. भावोजी एका निळ्या गाडीपाशी थांबले. पुढच्या मडगार्डला त्यांनी टिचकी मारली, मग हात फिरवला. काम त्यांचंच होतं. तेवढा पत्रा जसाच्या तसा, बाकी गाडीचा चेंदामेंदा झालेला. मालक फार खूश झाला होता, ते पुटपुटले, बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं त्याने.

मग भंगारवाल्याकडे वळून त्यांनी कधी न विचारलेलं विचारलं.

"माणसं?"

भंगारवाल्याने नकाराची मान हलवली, कुणीच वाचलं नव्हतं. असल्या गाड्या तुमच्याकडे कशाला येतील, म्हणाला, त्या थेट इथेच येतात.

दरवाजा न घेताच आम्ही निघालो. स्कूटर सुरू करण्याआधी त्यांनी हँडलला वर्षानुवर्षं लटकणारं हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यात घातलं. पट्टा लावताना त्यांच्याकडे बघवेना. फार वाईट वाटलं मला. आपण उगाच इतकं बोललो असं झालं.

घरी येताच त्यांनी लेकीला फोन लावला आणि तिकीट काढतोय म्हणून सांगितलं. ती रडायलाच लागली. रडता रडता बेतही आखून मोकळी झाली, मीच गाडी घेऊन विमानतळावर येते, बाबा, दोन तासांचा तर रस्ता आहे.

भावोजी ताडकन उठून उभे राहिले. विमानाच्या नावानेसुद्धा त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू नाही निघायचं," ते म्हणाले. "घरातच थांब, बाळा. मी येतो."