काकाची कबुली

काकानं रानडुक्कर मारलं हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सगळ्यांनीच ते खाल्लं होतं. भात पोटरीला आलं होतं आणि डुकरं रोज खाचरांची नासाडी करत होती. शिकार झाली की आमच्यात घरटी वाटे जातात. आमच्याही घरी वाटा आला होता.

दुसऱ्या दिवशी फॉरेस्टवाल्यांची जीप आली. बांधावर रक्त सापडलं होतं. "कुणी मारलं?" म्हणून विचारलं तर कुणी तोंड उघडेना. मी तेव्हा जोयड्याला कॉलेजात होते, घरातली एकटी शिकलेली आणि शहाणपणाची भारी हौस. मी काकाला बाजूला घेऊन म्हटलं, "काका, खरं सांगून टाक. सोडतील तुला."

आमच्या वाडीत तसंच होतं. चुकलेला माणूस देवळापुढं कबूल होतो, नारळ ठेवतो, गावचा मुख्य असलेला गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो, नारळ फोडतो आणि त्याला पंगतीत मधोमध बसवून जेवू घालतात. पुढं त्या गोष्टीचा कुणी विषय काढायचा नाही. कबूल झालं की संपलं, एवढंच आम्हांला माहीत.

काका घरातनं नारळ घेऊन गार्डसमोर उभा राहिला. "म्या मारलं. माझ्या एकट्याचीच चूक हाय." गार्डनं सगळं लिहून घेतलं. नारळ काही घेतला नाही.

कोर्टात ती कबुलीच त्याला नडली. तीन वर्षांची शिक्षा झाली.

त्या तीन वर्षांत वाडी काय शिकली? शिकार थांबली नाही, वाटे तेवढे थांबले. आता मारणारा दार लावून खातो आणि सकाळी शेजाऱ्याशी भाताच्या गोष्टी बोलतो. याला सुधारणा म्हणायची तर म्हणा बापडे. मला तर रडू येतं.

काका सुटून आला तेव्हा गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, पंगत बसली. पान वाढलं तरी तो हात लावेना. काकी म्हणाली, "जेव की," तेव्हा जेवला. मला त्याचे पाय धरून सांगायचं होतं की चूक माझी होती, मीच तुला बोलायला लावलं. पण नारळ फुटला होता, विषय काढायची सोय उरली नव्हती. दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसले आणि पावसापाण्याचं बोलून उठले.

परवा माहेरी गेले होते. काका अंगणाच्या कडेला कोयता घेऊन कधीचा उभा होता. कुळगीपर्यंतचं रान ज्यानं मला बोट धरून दाखवलं, त्यानं मला विचारलं, "बाय, खाचराकडं जाऊ काय?"

काकी चुलीपासून ओरडली, "सांग की त्याला जा म्हणून! तुझं ऐकतोय त्यो."

ऐकतो. त्या दिवशीही त्यानं माझंच ऐकलं होतं.