पाटल्या घातल्या आणि म्हशीनं पान्हा चोरला

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मंगळवार पेठेत माझं दागिन्यांचं दुकान नवीनच होतं... आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पॉलिश करून, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. दुकान एवढंसं, पण तोंड मोठं!

हातातल्या दागिन्यांच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकायचो नाही. शाळेतल्या बाईंना सांगायचो, घड्याळ डाव्या हातात तर साखळीचं ब्रेसलेट उजव्या, दोन्ही एका मनगटावर नको. बोटं लांब असतील तर रुंद पाटली, मनगट बारीक असेल तर नाजूक बिलवर, जाड तोडे मात्र भरल्या हातालाच... आणि लोक ऐकायचे.

एका दुपारी मुरगूडच्या हौसावहिनी आल्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या डझनभर... पायरी चढायच्या आधीच त्या आल्याचं मला आत कळलं.

त्यांच्या लग्नातलं सोनं दिराच्या लग्नात जावेच्या अंगावर गेलं होतं. पुढं दोन म्हशी एकटीनं सांभाळून, डेअरीला दूध घालून त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून ही पाटल्यांची जोडी घेतली. दुसऱ्या कुणाचाच हक्क नसलेला त्यांचा पहिला दागिना.

मी हुशारी केलीच. म्हटलं, "वहिनी, काच सोन्याला घासते. सवाष्णीची म्हणून एकेक ठेवा, बाकीच्या उतरवा. पाटली पुढं मनगटावर येऊ दे आणि ती एक काच मागं घट्ट सरकवून टाका." हात एकदम देखणा दिसायला लागला... मीच खूश.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. पाटल्या हातात नव्हत्या, पदराच्या गाठीत होत्या.

"शेट, ह्या मोडात घ्या."

"का हो? काही खोट निघाली का?"

"खोट कशाची... एक म्हस आटलीया, आन दुभती हाय ती पान्हा चोरतीया, दूधच सोडंना. परवा तर चरवीच लाथाडली. आत्ती म्हंत्यात, सोनं घरात आल्यापास्नं सुरू झालंय ह्ये."

आत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाइकं बसलेली... माझ्याकडचं सोनं अपशकुनी, ही बातमी संध्याकाळपर्यंत पेठभर झाली असती. त्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण ती गाठ सोडताना वहिनींची बोटं चालत नव्हती, ते मात्र बघवेना.

म्हटलं, "आजचा दिवस थांबा. संध्याकाळच्या धारेला मी स्वतः येतो. मग मोडू." आणि खरंच एसटी धरून गेलो. सासूबाई गोठ्याच्या दारातच बसल्या होत्या.

"या पावणं! आता म्हशीला बी दागिनं इकायला आलाय व्हय?"

"नाही मावशी, म्हशीचं गाऱ्हाणं ऐकायला आलोय."

"ऐका की... तिचं तरी ऐका. आमचं कोन ऐकतंय ह्या घरात!"

वहिनींना मी पाटल्या घालूनच धारेला बसायला लावलं. पुढं पेंड ठेवली, रेडकू पाजून बाजूला बांधलं, कासेवर पाणी मारलं... चार धारा निघाल्या आणि थांबल्या. म्हशीनं पाय आपटला आणि मान वळवून मागं बघितलं. ओळखीचं माणूस आज आलं नाही का, असं बघावं तसं.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "त्ये सोनं घिऊन जावा परत."

सोन्याच्या धंद्यात मी डोळ्यांइतकाच कान वापरतो. दागिना भरीव की पोकळ, ते काचेवर टाकला की आवाज सांगतो. तिथंही नुसता कान लावून उभा राहिलो...

तेवढ्यात भिंतीपलीकडं शेजारीण धारेला बसली. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज, आणि त्याच्याबरोबर तिच्या बांगड्यांची किणकिण... एका लयीत.

आणि आमच्या गोठ्यात? चिडीचूप.

माझाच सल्ला नडला होता! इतकी वर्षं ती म्हैस त्या किणकिणीवर पान्हा सोडत आली होती. एका हातात एक पाटली आणि तिला चिकटलेली एक काच... वाजणार काय, कपाळ! हे मुके हात तिला परक्या बाईचे वाटत होते.

"वहिनी, उतरवलेल्या बांगड्या आहेत का?"

"हायत की, डब्यात."

हाताला लोणी लावून त्यांनी एकेक बांगडी चढवली. या वेळी मी उलटं सांगितलं... पाटली मागं, कोपराच्या बाजूला. काच पुढं, मोकळी खेळती.

"सोनं इकणाऱ्याला म्हशीतलं काय कळतंय!" सासूबाई पुटपुटल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

वहिनी पुन्हा बसल्या. बांगड्या वाजल्या... म्हशीचा एक कान मागं वळला, मग ती निवांत पेंडीत तोंड घालून उभी राहिली. आणि धार जी लागली, ती चरवी फेसानं काठोकाठ भरेपर्यंत तुटली नाही.

सासूबाई उठून आल्या. सुनेचं मनगट धरून त्यांनी पाटली उजेडात फिरवून फिरवून बघितली... दहा दिवसांत पहिल्यांदा.

"बरी हाय की गं. फुडल्या साली जरा जाड कर."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाचं मनगट नंतर बघतो. आधी विचारतो, "ताई, दिवसभर काम काय करता?" पुढं दुकान मोठं झालं, काउंटरला काच आली, कौतुक करणारेही आले... पण धंद्यातला हा पहिला प्रश्न मला मुरगूडच्या एका म्हशीनं शिकवला, आणि हे सांगायला मला अजून अभिमान वाटतो.