लवूकाकांच्या गोळीचा कौल

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत आनंद कशाचा व्हावा याला काही ताळतंत्र नाही. समोरच्या लवूकाकांना पार्किन्सनच्या औषधाच्या चाचणीत घेतलं, त्या दिवशी त्यांच्या बायकोने, रत्नप्रभाकाकीने, अख्ख्या मजल्याला घावणे वाटले.

औषध कसलं, तर कफ पातळ करणारं, जुनंच. नेहमीच्या गोळ्यांनी हाताची थरथर तेवढ्यापुरती दबते, पण मेंदूतल्या पेशी मरायच्या त्या मरतातच. हे खोकल्याचं औषध त्यांना वाचवतं का, ते डॉक्टरांना बघायचं होतं. झालं! संध्याकाळपर्यंत काकांच्या दारात खोकल्याच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्यांची रांग लागली. मी आरडाओरडा करून सगळ्या परत पाठवल्या. मी संघमित्रा, पलीकडच्या खोलीतली. चाळीत अक्कल वाटायचं काम आपोआप माझ्याकडेच येतं.

खरी भानगड पुढे झाली. निम्म्या पेशंटांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. काकांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त काकीला सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. तिला कळलं तशी तिने सरळ गावच्या देवाला कौल लावला, तोही व्हिडिओ कॉलवर! गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर गोळी खरी, डावी पडली तर खोटी. मी कौलबिल काही मानत नाही. पण फोन मीच धरला होता आणि खरं सांगते, श्वासही धरला होता.

डावी पडली.

"बंद करा ती गोळी!" काकी रडकुंडीला आली. "उगाच हेलपाटे कित्याक?"

काका मात्र खुर्चीत बसल्या बसल्या नाचायला लागले. "अगो, दशावतारात कोण राकस झालोच नाय, तर देव मारतलो कोणाक? कोणीतरी खोटी खाल्ल्यान, तरच खरेचो गुण कळतलो!"

"राक्षसाला टाळ्याही जास्त पडतात, काका," मी म्हटलं.

"टाळये घेवा तुमी," काकी म्हणाली. "माका तुमी बरे झालेले होयात."

काकांनी नाचणं थांबवलं आणि गोळ्यांची डबी तेवढी खिशात टाकली.

पुढच्या तपासणीला दोघांना घेऊन मीच गेले. काकीने बसल्या बसल्या डॉक्टर रेवतींना कौलाची सगळी हकीकत सांगून टाकली. मी तर तोंड लपवायला जागा शोधत होते.

डॉक्टर खळखळून हसल्या. "काकी, देवाला आम्ही चाचणीत घेतलेलं नाही. यांची गोळी खरीही असेल. फक्त मध्येच सोडू नका."

"सोडूचे नाय ते," काकी म्हणाली. "पण खोटी कोणीतरी खाऊकच होयी ना? मगे ती मी खातंय. ह्यांका खरी द्या."

"आजार नसलेल्यांना नाही हो देता येत."

"आजार नाय कसो?" काकीने टेबलावर हात पुढे केला आणि असा काही थरथरवला, की काका हसता हसता रडायला लागले.