बिनअंगठ्याच्या हाताचा माउस

बुद्धभूषणच्या उजव्या हाताला अंगठा नाही. वाळूजच्या आमच्या कारखान्यात पत्रा साच्यात दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करताना तो गेला. जखम भरून तो कामावर परत आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्याला, जिथे आम्ही कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो त्या खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं आणि मला म्हणाले, "महिनाभर बघा. कॉम्प्युटर जमला तर ठेवू, नाहीतर घरी पाठवू." हे त्याच्यासमोर. माणसाच्या तोंडावर असं बोलवतं तरी कसं, मला अजून कळलेलं नाही.

तो हर्सूलचा, तिशीतला, आयटीआय झालेला. कंपनीच्या बसमध्ये मी उस्मानपुऱ्यात चढले की माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवलेली असायची. डबा कधी एकटा खायचा नाही. स्वतःच्या हातावर स्वतःच विनोद करून समोरच्याला गप्प करायचा. "युसराबाजी, आता कुणाला ठेंगा दाखवायचा म्हणलं तर डाव्या हातानंच दाखवावा लागतो," असं पहिल्याच दिवशी, मला मोठ्या बहिणीसारखं बाजी करून, म्हणाला. मला हसू आलं नाही.

मग त्याने माउस धरला आणि मी हादरलेच. माउस आपण अंगठा आणि करंगळीच्या मध्ये धरून सरकवतो, हे एवढी वर्षं तेच काम करून मला कधी जाणवलं नव्हतं. त्याच्या हातातून तो साबणाच्या वडीसारखा निसटायचा. मग तो अख्खा तळवा दाबायचा, मनगट ओढायचा, खांदा कानापर्यंत वर जायचा. एक सरळ रेघ काढताना कपाळावर घाम. डाव्या हाताने करून बघितलं, तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या. दुपारपर्यंत त्याचे विनोद संपले.

माझ्या कपाटात एक ट्रॅकबॉल पडून होता. मनगट दुखायला लागलं म्हणून मागवला आणि वैतागून ठेवून दिला. हा माउस जागचा हलत नाही. त्याच्यावर लिंबाएवढा गोळा असतो, तो बोटांनी फिरवायचा. पडद्यावर बाण पळतो, हात मात्र आरामात टेकलेला राहतो.

"बाजी, हे तर हलतच नाय," म्हणत त्याने अख्खा ट्रॅकबॉल टेबलावर ढकलला. मीही पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

पण क्लिकचं बटण नेमकं अंगठ्याखाली. मी कपाळावर हात मारला. बनवणाऱ्याने बोटांचा विचार केला, मनगटाचा केला, आणि अंगठा काय सगळ्यांना असतोच, असं धरून चालला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन क्लिक पलीकडच्या बटणावर आणलं. तर्जनी आणि मधल्या बोटाने गोळा, अनामिकेने क्लिक. सुरुवातीला बाण कुठल्या कुठे जायचा, म्हणून वेग कमी केला. रेघ ओढताना बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी गोळा फिरवायचा, यात तर तो रडकुंडीला यायचा.

"नेट लावू नकोस, जोर नको," मी ओरडायचे. "पकडायचं नाही. नुसतं हलकं लोट."

महिना संपायच्या आत तो माझ्या बरोबरीने काम उरकू लागला. विनोदही परत आले. खांदा खाली उतरला होता. घरी मनकर्णाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, त्याने सांगून टाकलं होतं की आता आपलं बसून काम.

मॅनेजरसाहेब आले आणि त्याच्या मागे उभे राहिले. बुद्धभूषणने त्यांच्यासमोर पत्र्याच्या एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग दुरुस्त करून दाखवलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

"हात मस्त चालतो की रे," साहेब म्हणाले. "मग इथे कशाला अडकवायचा? सोमवारपासून प्रेसवर ये. तिकडे माणसं कमी आहेत."

मी कसंबसं म्हटलं, "साहेब, हा ट्रॅकबॉल पकडावा लागत नाही, म्हणून चालतोय त्याचा हात. प्रेसवर पत्रा धरावा लागतो."

"हात तोच आहे ना?" असं म्हणून ते निघूनही गेले. मी त्या दाराकडे बघतच राहिले. शिकलेला माणूस, रोज पेन धरणारा.

"जातो बाजी," बुद्धभूषण म्हणाला. "नाय म्हणलं तर घरी बसवतील. घरात कमावणारा मीच हाय."

सोमवारी ड्रॉइंग द्यायच्या निमित्ताने मी शेडमध्ये गेले. तो प्रेससमोर उभा होता, पाय पेडलवर. हात आत जाऊ नये म्हणून पुढे असते ती जाळी कुणीतरी काढून ठेवलेली. डाव्या हाताने तो पत्रा साच्यापर्यंत आणायचा. उजव्या हाताने धरून बसवणं जमत नव्हतं, म्हणून तर्जनी आणि मधलं बोट पुढे करून पत्रा आत लोटायचा. हलकं, नेट न लावता, मी शिकवलं तसं. बोटं बाहेर येतात न येतात तोच वरचा साचा धाडकन खाली.

ओरडले असते तर तो दचकला असता आणि पेडल दाबलं गेलं असतं. मी बाजूने गेले आणि मशीनचं लाल बटण हाणलं.

प्रेस बंद पडला. सुपरवायझर धावत आला. "कुणी थांबवलं?"

"मी," म्हटलं. "चालू करायचा असेल तर साहेबांना बोलवा. पत्रा आता ते लोटतील."

वरचा साचा खाली येता येता अर्ध्यावर थांबला होता आणि त्याच्याखाली बुद्धभूषणची दोन्ही बोटं, शाबूत, अजून आतच होती.