उठवणारच होता, तर रडला कशाला?

‘देवाची इच्छा’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी चहा विचारायचं सोडून दिलंय. उभ्या उभ्या काय ते बोलावं आणि वाटेला लागावं. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती आणि जो तो चपला काढता काढता हेच वाक्य म्हणत होता. आम्ही ख्रिस्ती, माझं माहेर नगरकडचं. देव कनवाळू आहे हे बाळकडूतच पाजलेलं. मग कनवाळू देवाची इच्छा अशी कशी, एवढंच मला विचारायचं होतं. पण विचारलं की समोरचा घड्याळाकडे बघायचा.

खरं सांगते, दुःखापेक्षा या कोड्यानेच मला जास्त छळलं. स्वभावाला औषध नाही. नऊ वर्षांची असताना रविवारच्या शाळेत मी विचारलं होतं, बायबलातल्या प्रलयात त्या तारवात, म्हणजे जहाजात, एवढी जनावरं होती, तर शेण कोण काढायचं? बाईंनी मला बाहेर उभं केलं. पुढे मी आरोग्य सेविका झाले, शेणवे गावाच्या बाजूला उपकेंद्र मिळालं, पाड्यापाड्यावर फिरून चपलांचे जोड झिजवले. पण तारवातल्या शेणाचं उत्तर काही कोणी दिलं नाही.

गेल्या मे महिन्यात एका पाड्यावरून निरोप आला. माहेरी आलेली गरोदर बाई, आठवा महिना, तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मी जाऊन ब्लड प्रेशर बघितलं, भलतंच चढलेलं. गाडी बोलावली. तालुक्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तिला झटके सुरू झाले होते. संध्याकाळी मुलगी झाली. एवढीशी. दोन्ही ओंजळींत मावेल अशी, आणि रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाचं. बाळाला लगेच ठाण्याला काचेच्या पेटीत न्यायचं ठरलं. बाप सोबत गेला. तो भिवंडीकडे गोदामात कामाला. आईला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. ती शहापुरातच राहिली आणि तिच्या उशाशी तिची आई, म्हणजे बाळाची आजी.

ही म्हातारी म्हणजे नुसता फटाका. पहिल्याच दिवशी तिने वॉर्डातल्या पंख्यापासून डाळीपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली. लेकीचं तोंड मात्र बंद. कारण मला ठाऊक होतं. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात जन्मून गेलं होतं, आणि तेव्हा घरच्यांनी दोन दिवस तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. ‘पेटीत हाय, बरं हाय,’ असंच सांगत राहिले होते. आताही सगळे तेच सांगत होते, फक्त या वेळी ते खरं होतं. पण तिला ते कसं पटावं? बाप व्हिडिओ कॉल करायचा. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून पडद्यावर दिसायचं त्याचं घामेजलेलं तोंड आणि मागची हिरवी भिंत.

“भिंत दावतोय,” ती एकदाच बोलली. “पोर नाय दावत.”

माझी ड्यूटी संपली की मी रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून मी डोळे मिटले होते, ओठ हलत असावेत.

“काय पुटपुटतंस गो बाय?” म्हातारीने विचारलं.

“प्रार्थना करते.”

“कोनाची?”

“आमच्या येशूची.”

“तो पोरांचं बघतो काय?”

“सगळ्यांचं बघतो. दयाळू आहे.”

म्हातारी हसली. “तुज्या देवाची दया तानशावानी दिसते. भरते आमच्या दारात, नि पाइपातून जाते मंबयला. आमी हंडं घेऊन बसतो वाट बघत.”

तिचा पाडा तानसा धरणाच्या अंगालाच आहे. मग वेळ जावा म्हणून, आणि थोडं जिंकण्यासाठीही, मी तिला एक गोष्ट सांगितली. दोन बहिणी होत्या, त्यांचा भाऊ आजारी पडला. येशू त्यांच्या घरचाच माणूस. त्यांनी त्याला निरोप धाडला. तो पोचला तेव्हा भावाला पुरून चार दिवस झाले होते. बहिणी म्हणाल्या, तू इथे असतास तर हा गेला नसता. त्यांना रडताना बघून येशूही रडला. मग कबरीपाशी जाऊन त्याने त्या भावाला हाक मारली आणि तो उठून बाहेर आला.

मी ऐटीत म्हातारीकडे बघितलं. तिने तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

“निरोप मिलल्यावर लगेच निघाला?”

आता आली का पंचाईत. “नाही. दोन दिवस होता तिथेच थांबला.”

“बरं. नि तो उठनार, ह्ये त्याला ठावं होतं?”

“होतं. त्यासाठीच तर गेला होता.”

“उठवनारच होता, त मंग रडला कशाला? नाटक?”

माझं डोकंच फिरलं. नाटक! आमच्या देवाला! “तुला कळायचं नाही ते, मावशी,” म्हणाले आणि तरातरा बाहेर पडून स्टँडसमोरच्या टपरीवर दोन कटिंग चहा लागोपाठ प्याले. दुसरा चहा अर्ध्यावर आला तेव्हा राग कशाचा होता ते माझं मलाच कळलं. पन्नास वर्षं मी ही गोष्ट ऐकतेय. आणि तारवातलं शेण सुचणाऱ्या मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. त्या अंगठेबहाद्दर म्हातारीला पाच मिनिटांत सुचला.

आता हा किडा माझ्या डोक्यात. भांडी घासताना तेच, अंथरूण घालताना तेच. पाव तासात ज्याचं सगळं चांगलं होणार आहे आणि ते आपल्याच हातात आहे, त्याच्यासाठी कोण रडतं? मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. भला माणूस. त्यांनी तीन कारणं सांगितली, पहिलं, दुसरं, तिसरं अशी क्रमाने. तिन्ही बरोबर असतील. पण तीन कारणं मोजून कोणी रडतं का हो?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी रुग्णालयाच्या आवारात शिरले, तोच फोन वाजला. बाळाचा बाप. आवाज असा फाटलेला की मी फाटकातच थांबले.

“नर्सबाई... नळी काढली. वाटीचमच्यानं दूध प्याली. डॉक्टर बोलले, आता भीती नाय. तिचा फोन लागत नाय, तुमी सांगा ना तिला.”

मी धावतच सुटले. पंचावन्न वर्षांची बाई, हातात पर्स, पायात स्लीपर, वॉर्डबॉय बाजूला झाला. वाक्य जिभेवर तयार होतं: तुझी पोरगी दूध प्याली. दारातून ओरडायचं, बस.

दारात पोचले. ती खाटेवर बसली होती. बाळासाठी घरून आणलेलं टोपडं, झबलं आणि जुन्या लुगड्याची दुपटी तिच्या मांडीवर होती. एकेक उचलून ती हाताने सुरकुत्या काढत होती, नीट घडी घालत होती आणि आईच्या पिशवीत भरत होती. घरी परत न्यायला. पोर गेली, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी गालावरून त्या टोपड्यावर पडत होतं. आणि तिच्या चोळीवर पुढे दुधाचे दोन ओले डाग होते.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, पार हमसून हमसून. दाराची चौकट धरली आणि तोंडातून शब्द फुटेना. आनंदाची बातमी घशात, आणि मी ढसाढसा रडतेय! आवरायचा प्रयत्न केला, पण छे.

व्हायचं तेच झालं. मला रडताना बघून तिच्या हातातलं झबलं गळून पडलं. म्हातारी किंचाळत उठली, “गेली? पोर गेली काय गो?”

“नाही, नाही!” मी कशीबशी म्हणाले. “दूध प्याली. नळी काढली. चांगली आहे.”

दोघींनाही ते पटेना. मग मी बाळाच्या बापाला फोन लावून तो लेकीच्या कानाला धरला. तिने ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भिंतीच्या त्या एका वाक्यानंतर पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकला, रडण्याचा का होईना.

म्हातारी मात्र माझ्यावर धावून आली. दंडाला धरून तिने मला गदागदा हलवलं. “मेले! माजा जीव घेतलास! पोर दूध प्याली, चांगली हाय, तुला ठावं होतं, त मंग तू रडलीस कशाला?”

“तिचं तोंड बघितलं,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

म्हातारीचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला. मला वाटलं, अजून एक शिवी येतेय.

“मंग त्यानं पन,” ती हळू म्हणाली, “त्या बहिनींचं तोंड बघितलं असंल.”

मी खुर्चीत बसले. माझा माणूस काही उठला नाही. का, ते मला आजही माहीत नाही, आणि वर गेल्यावर तारवातल्या शेणाच्या आधी मी हेच विचारणार आहे. पण तो गेला त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत सगळे ‘देवाची इच्छा’ म्हणत असताना, कोपऱ्यात बसलेल्या माझं तोंड कोणीतरी बघत होतं, आणि तीन वर्षं मी ज्याच्याशी भांडतेय तोच बहुतेक तेव्हा माझ्याइतकाच रडत होता, हे माझ्या मनात त्या खुर्चीत पहिल्यांदा आलं.

म्हातारीने पिशवीत हात घातला, टोपडं बाहेर काढलं आणि आधी लेकीचे डोळे पुसले. मग त्याच टोपड्याने माझे.