टेकडीवर जाण्याची पूर्वतयारी

माझ्या थोरल्या साडूंइतका जय्यत तयारीचा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही, आणि एवढी तयारी करून इतक्या कमी ठिकाणी पोचलेला माणूस बहुधा महाराष्ट्रात नसावा. हे मी चिडून लिहितो आहे असं कुणाला वाटलं, तर ते बरोबरच आहे. मी अनसिंगला जन्मभर मास्तरकी केली. नाना तऱ्हेची डोकी हाताखालून गेली, पण घरातून निघण्याची एवढी धास्ती घेतलेलं डोकं दुसरं पाहिलं नाही. साडू कामरगावला राहतात. गावाबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे, आणि त्या मळ्यातलं प्रत्येक वांगं आधी कागदावर लागतं, मग जमिनीत. परगावी लग्नाला जायचं असलं की हे गृहस्थ आदल्या दिवशी बसस्टँडवर जाऊन गाडी नेमकी कुठे थांबते ते पाहून येतात. जायच्या दिवशी दोन तास आधी येऊन बसतात. गाडी यायच्या सुमारास खिशातली यादी काढतात, तीत 'कुलूप ओढून पाहणे' असं असतं, आणि ते ओढलं की नाही हे आठवत नाही म्हणून घरी जातात. गाडी येते आणि जाते. ते मात्र पुढच्या गाडीची वाट पाहत समाधानाने बसलेले असतात, कारण कुलूप लागलेलं निघालं.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी वरातीची रंगीत तालीम घेतली होती. नवरदेव म्हणून मला उभं केलं. पन्नाशीचा मी, डोक्यावर कुणाचा तरी फेटा, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत चालतो आहे, मागून गावातली पोरं नाचताहेत, आणि साडू घड्याळ घेऊन पुढे उलटे चालताहेत. वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी खरी वरात डीजेपुढे तीन तास जागची हलली नाही, तेव्हा भर रस्त्यात ते माझ्यावरच खेकसले, "मास्तर, काल त तुमी ईस मिनिटात आले होते!" जणू नवरदेव म्हणून मीच नापास झालो होतो.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. टेकडीचं तसं नव्हतं.

साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. दोघी बहिणींचं माहेर इंझोरीच्या पलीकडे, एका रानाच्या टेकडीच्या पायथ्याशी. सागवान, मोहा, टेंभुर्णी, आणि पळस तर इतका की फाल्गुनात टेकडीच्या माथ्यावरून खाली पाहिलं की सगळा उतार केशरी दिसतो. लहानपणी आईबरोबर टेंभुर्णीची फळं, टेंभरं, वेचायला आक्का त्या माथ्यावर जायची. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब घालून जमेल तितकी सांभाळायची. आक्काने जन्मात कधी साडीसुद्धा मागून घेतली नाही. त्या दिवशी दवाखान्यातून येताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "मले तो पयस एकदा वरून पाहू द्या. मंग काई नाई दिसलं तरी चालते." साडूंनी लगेच मान डोलावली आणि खिशातून कागद काढला. तो कागद पाहिला तेव्हाच मी ओळखलं, हे काही लवकर व्हायचं नाही.

पहिलं वर्ष बुटांत गेलं. डोंगर चढायला चांगले बूट हवेत, म्हणून त्यांनी कारंज्याहून लष्करी दिसणारे दोन जोड आणले. पण नवे बूट एकदम डोंगरावर घालू नयेत असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून रोज सकाळी ते बूट घालून मळ्यातल्या वाफ्यांभोवती चकरा मारू लागले. कोथिंबिरीचे दोन वाफे आडवे झाले आणि साडूंच्या टाचेला नारळाएवढा फोड आला. फोड बसेपर्यंत फाल्गुन सरला, चैत्रही सरला. मी भेटायला गेलो तेव्हा ते पाय उशीवर ठेवून निर्धास्त पडले होते. म्हणाले, "बरं झालं मास्तर, फोड घरीच आला. वर आला असता त काय केलं असतं?" आक्का मागे उभी राहून चहा गाळत होती. तिच्या वतीने मीच बोलायला हवं होतं, पण तेव्हा मलाही हसूच आलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी वनरक्षकाला गाठलं. त्या भल्या माणसाचं डोकं खाऊन खाऊन त्यांनी वाटा, पाणवठे, वानरं, विंचू अशी सगळी माहिती लिहून घेतली. वैतागून त्याने एकदा सांगितलं की कधीकाळी या रानात अस्वल दिसलं होतं. झालं! साडूंनी नातेवाइकांची बैठक बोलावली आणि अस्वल आलं तर मेल्यासारखं कसं पडायचं याचा सराव अंगणात सुरू केला. मी पडलो, माझी बायको हसत हसत पडली, शेजारचे दोघे हौसेने पडले. आक्का तेवढी पडेना. "मी नाई पडत," ती म्हणाली. "अस्वल आलं त मले कोनतं दिसनार हाय?" पडलेली मंडळी उठून कपडे झटकू लागली. साडूंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "हे रद्द. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पक्कं नियोजन करू." त्या क्षणी त्या माणसाला हाताला धरून टेकडीवर ओढत न्यायला हवं होतं. मी घरी येऊन बायकोपाशी बडबड केली आणि जेवून झोपलो.

तिसऱ्या वर्षी मात्र आम्ही खरंच निघालो. आता आमच्या वऱ्हाडातला माणूस रानात निघाला की त्याला आधी रोडगे आठवतात, टेकडी नंतर. कणकेचे ते घट्ट गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तुपाची धार, जोडीला वांग्याची झणझणीत भाजी. ते झाल्याशिवाय रान पाहिलं असं आमच्याकडे कुणी मानतच नाही. साडूंनी दोन पोती गोवऱ्या घेतल्या, मळ्यातली काटेरी वांगी निवडून घेतली, आणि दोन जीपभर नातेवाईक घेतले. जंगलात जाळ चालणार नाही असं वनरक्षकाने बजावलं होतं, म्हणून पायथ्याच्या एका ओळखीच्या शेतात चूल मांडली. नऊला पोचलो. आक्का म्हणाली, "आधी वर जाऊन येऊ." साडूंनी यादी दाखवली. तीत आधी रोडगे होते. "भुकेल्या पोटी चक्कर येते," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. निखारे व्हायला अकरा वाजले, रोडगे भाजायला एक, जेवायला दोन. तुपात भिजलेला रोडगा पोटात गेला की माणूस हलत नाही. मोहाच्या झाडाखाली सतरंज्यांवर सगळी मंडळी घोरू लागली. सगळ्यात आधी साडू झोपले. खोटं कशाला बोलू, त्यांच्या शेजारी मीही झोपलो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि आता कुणाला वर सोडता येणार नाही असं वनरक्षक सांगत होता. आक्का पाऊलवाटेच्या तोंडाशी एकटी उभी होती, कपाळावर हात धरून. मी जवळ गेलो. तिने बोट केलं, "मास्तर, ते केशरी दिसून राह्यलं तो पयस हाय ना?" मी पाहिलं. माझ्या बायकोने झटकून बाभळीवर टाकलेली आमची सतरंजी होती ती. "हो आक्का, पळसच," मी म्हणालो. ती हसली. "लय फुलला यंदा," म्हणाली. मागे वळलो तर साडू उठून बसले होते आणि त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी खिशातली यादी एकदाही काढली नाही. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा मलाही लागू पडत होत्या.

यंदाच्या फाल्गुनात एका सकाळी मी दाढी करत असताना त्यांचा फोन आला. मागून जीपवाल्याचा हॉर्न ऐकू येत होता.

"मास्तर, आमी निघालो टेकडीवर."

"आज? काहून असं अचानक? डबा घेतला का? बूट?"

"चपला हायेत. तुमच्या आक्काले आजून उजव्या डोयानं उजेड समजते. इंझोरीच्या फाट्यावर या. येता का?"

"येतो ना. पण थोडं थांबा भाऊ. अंघोळ व्हायची आहे, ही देवळात गेली आहे, पाणीबिणी भरून—"

"थांबत नाई," साडू म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी गालाला साबण लावून तसाच उभा राहिलो. एवढी वर्षं या माणसाला मी निघत नाही म्हणून नावं ठेवली होती. संध्याकाळी बायकोने बहिणीला फोन केला. आक्का धापा टाकत, हसत बोलत होती. साडूंनी तिला हाताला धरून माथ्यापर्यंत नेलं होतं. वाटेत त्यांची चप्पल तुटली, मग ते अनवाणीच चढले. "सारं केशरी केशरी," आक्का म्हणाली, "जसंच्या तसं हाय."

चार दिवसांनी मी कामरगावला गेलो. साडू मळ्यात मेथी उपटत बसले होते, तळपाय कापडाने बांधलेले. चेष्टेची दोनचार वाक्यं मी वाटेत जुळवून आणली होती, ती तशीच ठेवून मी त्यांच्याशेजारी वाफ्यात बसलो. मी हळूच विचारलं, "भाऊ, आक्काले खरंच दिसलं का?"

त्यांनी मेथीच्या मुळांची माती झटकली. "तुमची आक्का म्हणते दिसलं," ते म्हणाले. "म्या इचारलं नाई."

थोडा वेळ मीही मेथी उपटली. मग म्हणालो, "पुढच्या फाल्गुनात मीही येतो. आधीच ठरवून ठेवू."

साडूंनी घराच्या दिशेने पाहिलं. आक्का दारात बसून हाताने चाचपत वाल सोलत होती.

"पुढच्या फाल्गुनाचं मी काई ठरवत नाई मास्तर," ते म्हणाले. "उद्या येता का?"