प्रथिनातलं दार

एका जागी बसलेले भाऊजी अख्ख्या म्हैसुरात कुणी पाहिले नसतील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. प्रथिनांचे रेणू कसे वळवळतात, घड्या कशा घालून घेतात, हे ते संगणकावर बघतात. एकेका अणूची हालचाल मोजायची म्हणून यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्याच्यासोबत भाऊजीही. जेवतात ते फेऱ्या मारत. दाढी निम्मी झाली की गणित कुठवर आलं ते मोबाइलवर बघायला फेसाळ तोंडाने अंगणात येतात. तलकाडला आम्ही सगळे वाळू तुडवत देवळाकडे निघालो, तर हे फोनला रेंज मिळावी म्हणून उलट दिशेने टेकाडावर. ताई म्हणाली, स्वल्प थांबा हो. यावर उत्तर आलं, "प्रथिनं थांबत नाहीत. बेकादरे, हवं तर ये, दाखवतो."

गेल्या वर्षी ते मैसूरपाकाचा डबा घेऊन घरोघर हिंडले. एका रोगजंतूच्या प्रथिनात क्षणभर दार उघडताना त्यांना दिसलं होतं. त्या फटीत औषध बसवता येईल अशी आशा होती. आम्हाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण मैसूरपाक खाल्ला आणि भाऊजींचा अभिमान वाटला.

त्यावरचा शोधनिबंध छापायला जाण्याआधी त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. एका अणूवरचा विद्युतभार त्यांच्याच हातून चुकीचा भरला गेला होता. तो सुधारून यंत्र परत चालवलं, तर दार काही उघडेना. ही चूक दुसऱ्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. तरी भाऊजींनी निबंध मागे घेतला, आणि जिथे जिथे मैसूरपाक दिला होता तिथे तिथे जाऊन तसं सांगून आले.

आमच्याकडे आले ते उभ्याउभ्याच बोलले. "दार उघडत नाही गं. मी चुकीचं सांगितलं होतं."

मी म्हटलं, भाऊजी, आम्हाला यातलं काय कळतं? नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

"कळलं नव्हतं, पण विश्वास ठेवला होतात ना?" एवढं बोलून, अर्धी कॉफी तशीच ठेवून ते पुढच्या घरी निघाले.

मग मला आठवलं, पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीला मी फोनवर त्या दाराचं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि तिने तिच्या ऑफिसात. तिला कळवायला मी लगेच फोन उचलला, जरा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. अजून सांगितलेलं नाही.